पाच बोटं भीती

अमरावतीत, रुक्मिणीनगरातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दर रविवारी दुपारी चार वाजता समुद्र आटायचा.

खोली मयूरी डहाळेची. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन, खिडकीत कूलर घरघरतोय, आणि पडद्यावर चार माणसं कानाला हेडफोन लावून बसलेली. एक फलटणला, एक नाशिकला, एक डब्लिनला आणि एक मिरजेला. मयूरीने आयुष्यात समुद्र दोनदाच पाहिला होता, त्यातही एकदा पोट बिघडल्यामुळे लॉजच्या खिडकीतून. पण तिने आवाज जरा खाली आणला आणि आज पाणी भरती-ओहोटीच्या तक्त्यात दिलंय त्याहून अकरा हात जास्त मागे गेलंय, खडकात एक पायरी उघडी पडलीये, असं सांगायला घेतलं, की चौघंही खुर्चीत पुढे सरकायची.

हा तिचा व्यवसाय होता. लोक पैसे देऊन तिच्याकडून घाबरून घेत. तिची आई शेजारणींना 'ती ऑनलाइन क्लास घेते' असं सांगे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. खेळ सगळा तोंडी. सूत्रधार प्रसंग सांगतो, प्रत्येक खेळाडू आपलं पात्र त्या प्रसंगात काय करणार ते सांगतो, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. मयूरी सूत्रधार. तिचा हातखंडा वैश्विक भयाचा, म्हणजे भुताखेतांचा नव्हे. भुताला निदान तुम्ही कोण ते ठाऊक असतं, त्याचा तुमच्यावर काही राग असतो. मयूरीच्या 'ओहोटी' या खेळात समुद्राखाली जे काही होतं, त्याला माणूस नावाची चीज अस्तित्वात आहे याचीच खबर नव्हती. ते नुसतं कूस बदलत होतं, आणि त्यापायी वरच्या भरती-ओहोटीचं गणित चुकत चाललं होतं.

खेळातलं साल एकोणीसशे सात, गाव कातळबंदर नावाचं, मयूरीच्या डोक्यातलं. तिथल्या धक्क्यावर समुद्राची पातळी मोजून वहीत लिहिणारा कारकून रघुनाथ दळवी हे पात्र सहा वर्षं एकच माणूस खेळत होता: फलटणचे दिनकर भोईटे, वय एकोणसत्तर, टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं जमिनीखालच्या केबली जोडून निवृत्त झालेले. सगळे त्यांना भोईटेकाका म्हणत. मयूरीचे ते पहिले खेळाडू. ती त्यांना कधी भेटली नव्हती, त्यांची गल्लीही तिला माहीत नव्हती, पण ते कशाला घाबरतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. आकड्यांना. समुद्रातून हात वर आला तर काका खुशाल हसत. कालच्यापेक्षा आज पाणी तीन बोटं कमी, आणि काल परवापेक्षा तीन बोटं कमी होतं, असं ती सहज म्हणाली, की मात्र ते चष्मा काढत आणि म्हणत, "थांब, थांब. परत सांग."

मयूरीच्या खेळात दोन रिवाज होते. पहिला नकोयादीचा. नवा माणूस आला की तो एका कागदावर लिहून देई, की अमुक गोष्टी माझ्यासमोर आणायच्या नाहीत. पराग नाशिककरने पालींवर बंदी घातली होती. डब्लिनच्या सानिकाला बुडणारं मूल नको होतं. कारण विचारायचं नाही, आणि लिहिलेली ओळ ज्याची त्यानेच खोडायची, हा नियम. भोईटेकाकांच्या यादीत एकच ओळ होती: 'दळवीला काही आजार झाला तर होऊ दे, पण त्याचं नाव त्याला कुणी सांगायचं नाही.' सहा वर्षांत मयूरीने कुणाची एक ओळ मोडली नव्हती, आणि तिला त्याचा अभिमान होता.

दुसरा रिवाज बोटांचा. खेळ संपला की सूत्रधार विचारणार, "किती?" मग प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर हात धरायचा. जितकी भीती वाटली तितकी बोटं, जास्तीत जास्त पाच. मयूरी सावकाश दहा आकडे मोजत सगळ्यांचे हात टिपून घेई, तोवर कुणी हात खाली घ्यायचा नाही. बाळबोध प्रकार होता, पण त्यात मजा होती.

पट्टी आली आणि हा दुसरा रिवाज गेला.

असे खेळ चालवायला 'पट' नावाची एक जागा होती इंटरनेटवर, मयूरीचंही दुकान तिथेच. 'पट'ने दोन हजार पस्तीस साली सगळ्यांना मनगटी पट्ट्या दिल्या. माणूस घाबरला की हृदय धडधडतं हे कुणीही सांगेल, पण धडधड जिना चढूनही होते आणि हसूनही होते, त्यामुळे जुनी यंत्रं हमखास फसत. या पट्टीची गोम वेगळी होती. खऱ्या भीतीत हृदय आधी मंदावतं. झुडपात काही हललं की हरीण लगेच पळत नाही, आधी जागच्या जागी उभं राहून कान टवकारतं. माणसाच्या आतही तसंच होतं. दोन-तीन ठोके किंचित लांबतात, मग तळहाताला घाम सुटतो, आणि मग धडधड. त्या लांबलेल्या ठोक्यांना 'पट'वाले 'थबक' म्हणत. पट्टी थबक मोजायची, त्वचेवरचा घाम मोजायची, आणि दोन्ही मिळून प्रत्येक खेळाडूची एक रेषा सूत्रधाराच्या पडद्यावर सरकत राहायची. थबक ढोंगाने आणता येत नाही, म्हणून ही रेषा खरी, असा कंपनीचा दावा होता.

मयूरीला कुतूहलाची खोड लहानपणापासून. घरातलं घड्याळ उघडून बघणारी आणि परत लावता आलं नाही की गप्प बसणारी मुलगी होती ती. पहिले तीन महिने तिला ही पट्टी म्हणजे पर्वणीच वाटली. एक बोट दाखवून खो खो हसणारी सानिका नुसत्या अर्धवट उघड्या दाराने थबकत होती. पराग दर वेळी पाचही बोटं फडकवायचा. रेषेवरून कळलं की हा गडी बहुतेक वेळ काहीतरी खात बसलेला असतो. माणसं स्वतःच्या भीतीबद्दल किती थापा मारतात हे पाहून मयूरीला हसूच आलं. मग बोटं विचारायचं काय कारण? तिने विचारणं सोडून दिलं. कुणी तक्रार केली नाही. फक्त भोईटेकाका पुढचे दोन-तीन रविवार सवयीने हात वर करत, आणि कुणी मोजत नाहीये हे लक्षात आलं की तो खाली घेत.

पहिल्या वर्षी काकांची रेषा सगळ्यांत सुंदर होती. नोंदवहीतला आकडा आला, की लांब थबक आणि मग सरळ चढण. मयूरी ती रेषा बघून कथा सांगायची, कुठे थांबायचं आणि कुठे पुढे जायचं हे तिला त्या रेषेने शिकवलं. दुसऱ्या वर्षी चढण बुटकी झाली. यंदाच्या मार्चपर्यंत ती नाहीशीच झाली. बाकी तिघांच्या रेषा उड्या मारत असताना काकांची शेजारून सपाट जायची, खेळ संपेपर्यंत.

'पट' प्रत्येक खेळाला भयांक देई. काकांच्या रेषेमुळे 'ओहोटी'चा भयांक घसरला, आणि मयूरीच्या पडद्यावर सूचना झळकायला लागली: हा खेळाडू आपल्या कथेत रमत नाही, त्याला हलक्या खेळाकडे वळवावं का? खाली हो, नाही आणि नंतर. मयूरी दर वेळी 'नंतर' दाबायची. पण मनाला लागलंच. सहा वर्षं ज्या माणसाला आपण घाबरवलं, त्याला आता आपलं काही वाटेनासं झालंय, हे कुठल्याही सूत्रधाराला झोंबेल.

तिने जिवाचं रान केलं. भरतीची जुनी कोष्टकं वाचली, आकडे अधिक बारीक केले, थांबे अधिक लांब केले. एका रविवारी तिने आपला हुकमाचा पत्ता टाकला. दळवी नोंदवही उघडतो, तर पुढच्या आठवड्याच्या सातही दिवसांची पातळी तिथे आधीच लिहिलेली, आणि अक्षर दळवीचंच. सानिकाची रेषा पडद्याबाहेर गेली. मिरजेचा इब्राहिम मुजावर, महिन्यापूर्वीच आलेला नवा खेळाडू, खुर्चीवरून उठून पाणी पिऊन आला. भोईटेकाकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, हात गार पडले बघ माझे. त्यांची रेषा मात्र हललीसुद्धा नाही.

आता मयूरीला राहवेना. तिने एक पडताळा घ्यायचं ठरवलं, आणि त्याची सोय योगायोगाने झालेलीच होती. दोन वर्षांपूर्वी, पट्टी नवीन असताना पराग आला, तेव्हा त्याच्यासाठी तिने खेळाची सुरुवात पुन्हा सांगितली होती. आता इब्राहिम आला तेव्हा तीच सुरुवात तिसऱ्यांदा सांगितली. मजकूर तिला तोंडपाठ, शब्दाला शब्द तोच, आवाजही तोच. दोन्ही दिवसांच्या रेषा तिने एकाखाली एक मांडल्या. सानिकाची दुसरी रेषा पहिलीच्या निम्मी होती, ते साहजिक होतं, ऐकलेली गोष्ट कमी घाबरवते. काकांची दोन वर्षांपूर्वीची रेषा डोंगर होती आणि या वेळची ताणलेली दोरी. निम्मी नाही, पाव नाही, काहीच नाही. मयूरीने निष्कर्ष काढला, की काका कंटाळलेत, पण भले आहेत, म्हणून आपल्याला बरं वाटावं यासाठी हात गार पडल्याचं सोंग आणतात. तिला त्याचं फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला.

पुढच्या रविवारी खेळ संपल्यावर तिने त्यांना थांबवून घेतलं. बाकीचे गेले. तिने सरळच विषय काढला.

"काका, कंटाळा आला असेल तर स्पष्ट सांगा. माझं मन राखायला घाबरल्यासारखं करू नका. मला इथे दिसतं सगळं."

"काय दिसतं?"

तिने रेषा त्यांच्या पडद्यावर पाठवली. काका पुढे वाकून बराच वेळ बघत राहिले, खड्ड्यात उतरून केबल बघावी तसे. ही माझी का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. मग ते मागे टेकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मयूरीला आपण बोललो ते परत घ्यावंसं वाटलं.

"एकतीस वर्षं तारा जोडल्यात मी. लाइन डेड झाली म्हणून पलीकडचा माणूस गप्प बसलाय असं नसतं गं. तो बोलत असतो, वरडत असतो. मधी कुठंतरी जॉइंटमधी पाणी शिरलेलं असतं. तू आधी बोटं विचारायचीस. विचारली असतीस तर पाच दाखवली असती."

आणि त्यांनी उजवा हात वर धरला. पाचही बोटं पसरलेली, ताठ, पडद्याच्या मधोमध. जुन्या सवयीने मयूरी मनातल्या मनात आकडे मोजायला लागली. सहापर्यंत हात स्थिर होता. सातव्या आकड्याला अंगठा हलायला लागला. मग तो तर्जनीवर घासून फिरू लागला, तंबाखू मळावी तसा, एका लयीत. बाकी हात तसाच उभा होता. काकांचं लक्ष त्याकडे नव्हतं, ते तिच्याकडे बघत होते. दहा झाले. त्यांनी हात खाली घेतला, चहाची वेळ झाली म्हणाले, आणि गेले.

मयूरी उठलीच नाही. कुठेतरी काहीतरी चुकतंय असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटलं की तिला ते उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. तिने काकांच्या वर्षभराच्या रेषा आणि 'पट'वर आपोआप साठणाऱ्या चित्रफिती पुन्हा काढल्या. आतापर्यंत तिने फक्त भीतीच्या जागा तपासल्या होत्या, सूत्रधार दुसरं काय बघणार? या वेळी तिने बाकीचं बघितलं. परागने पालीवरून स्वतःचीच थट्टा केली तेव्हा काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते, रेषा सपाट. त्यांच्या दाराची घंटा वाजली, ते दचकून उठले, परत येऊन बसले, रेषा सपाट. कंटाळलेला माणूस गोष्टीला घाबरणार नाही, हे ठीक. पण तो हसताना आणि दचकतानाही सपाट कसा राहील?

तिची थोरली बहीण अर्चना फिजिओथेरपिस्ट होती, गावात घरोघरी जाऊन रुग्णांचे व्यायाम घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मयूरीने तिला अंगठ्याची ती चित्रफीत दाखवली, नाव-गाव न सांगता. अर्चनाने एकदा पाहिली, मग चहाचा कप खाली ठेवून पुन्हा पाहिली.

"हात वर धरल्यावर जरा वेळाने सुरू झालं ना? ते पाह्य आधी. लगेच नाही, जरा वेळाने," ती म्हणाली. "असे दोन-तीन हात दर महिन्याले माह्या हातात येतात. मी डॉक्टर नाही, मले नाव घ्यायचा अधिकार नाही. पण हा जो कोणी आहे, त्याले मेंदूच्या डॉक्टरकडे पाठव. उद्यावर नको ढकलू."

मयूरीने रेषेबद्दल विचारलं, तेव्हा अर्चनाने जे सांगितलं ते तिला आयुष्यभर पुरणारं होतं. नक्की काय ते डॉक्टर सांगतील, पण तिला संशय कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा होता, आणि कंपवात म्हटलं की लोकांना हात थरथरणं तेवढं माहीत असतं. पण मेंदूतून हृदयाकडे आणि घामाच्या ग्रंथींकडे निरोप नेणाऱ्या बारीक नसा असतात. या आजारात कधी कधी त्या आधी सुकायला लागतात, हाताचं काही दिसायच्या कितीतरी आधी. मग माणूस घाबरतो, हसतो, दचकतो, सगळं करतो. फक्त त्याचा निरोप हृदयापर्यंत आणि तळहातापर्यंत पोचत नाही.

म्हणजे काकांची भीती होती तिथेच होती. पट्टी भीती मोजतच नव्हती, ती निरोप मोजत होती, आणि निरोप वाटेतच विरत होता. मयूरीला शरमेने घाम फुटला. माणूस तोंडाने सांगत होता, हात गार पडले, आणि तिने त्याला खोटं ठरवलं होतं. आणि त्याहून वाईट एक गोष्ट तिच्या लक्षात आली. तिने बोटं विचारणं बंद केलं नसतं, दर रविवारी दहापर्यंत मोजत राहिली असती, तर तो अंगठा तिला केव्हाच दिसला असता. तिने नवं यंत्र घेतलं आणि ज्यात दिसत होतं तेच बंद केलं.

दुपारी काकांचा निरोप आला. दोनच ओळी. 'मला काढायचं असलं तर काढ, त्याचं काही नाही. पण सहा वर्षांत तुझ्याशी खोटं बोललो नाही.'

आता करायचं काय? डॉक्टरकडे जा म्हणावं तर का जाऊ, हे ते विचारणारच. आणि त्यांच्या यादीत ती एक ओळ होती. ओळ खेळापुरती आहे, दळवीची आहे, भोईट्यांची नाही, असं मयूरीने स्वतःला दोनदा समजावून पाहिलं. पण सहा वर्षं सूत्रधारकी केलेल्या बाईला एवढं कळतं, की नकोयादीत कुणी पात्राबद्दल लिहीत नसतं. सांगावं तर त्यांचा शब्द मोडतो, आणि न सांगावं तर माणूस हातचा जातो. दोन दिवस ती याच फेऱ्यात होती. शेवटी वाट तिला नियमातच सापडली. ओळ ज्याची त्यानेच खोडायची.

बुधवारी सकाळी दहाला तिने व्हिडिओ फोन लावला. काका स्वयंपाकघरात होते, मागे कुकर लावलेला दिसत होता. चेहरा अजून गंभीर होता. मयूरीने आधी त्यांना मनगटावरची पट्टी काढून ठेवायला सांगितली. त्यांनी ती काढून मिठाच्या बरणीशेजारी ठेवली.

"काका, मी तुमच्यापेक्षा त्या रेषेवर विश्वास ठेवला. चुकले मी. तुम्ही घाबरत होता, हे आता मला माहीत आहे."

"बरं," ते म्हणाले. चेहरा थोडा सैल झाला.

"आणि अजून एक. तुमच्या नकोयादीत एक ओळ आहे. ती तुम्ही खोडाल का? मला खोडता येत नाही. आणि का, ते ती खोडल्याशिवाय मला सांगता येत नाही."

काका काही खुळे नव्हते. तिने काहीच सांगितलं नव्हतं आणि बहुतेक सगळं सांगून झालं होतं. कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी झाली. तिसरीला त्यांनी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले.

मग त्यांनी आपल्या गेलेल्या बायकोची, कुसुमकाकूंची गोष्ट सांगितली, जी सहा वर्षांत कधी सांगितली नव्हती. काकूंना काय झालंय ते चार महिने कळत नव्हतं. दुखायचं, पण त्या हिंडत होत्या, पापड लाटत होत्या, भांडत होत्या. मग एके दिवशी साताऱ्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. त्या दिवसापासून घरात कुसुम राहिलीच नाही, काका म्हणाले, तो आजारच राहायला आला. येणारे-जाणारे आजाराशीच बोलायचे. तिला कुणी भाजीला काय केलंस म्हणून विचारेना. पुढे ती दोन वर्षं होती, पण ती दोन वर्षं आपल्या हाती लागलीच नाहीत.

"म्हणून नाव नको म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "ओळ खोडली समज. पण आधी विचार."

"काय विचारू?"

"पहिल्यासारखं विचार की."

"किती, काका?"

त्यांनी हात वर केला नाही. "मला भीती वाटतीय, मयूरी," ते म्हणाले. तिच्यासमोर रेषा नव्हती, आकडा नव्हता, एक म्हातारा माणूस ओट्याजवळ बसून जे म्हणत होता तेवढंच होतं. तिला ते शब्दन् शब्द खरं वाटलं.

मग तिने सांगितलं. हसण्याची सपाट रेषा, दाराची घंटा, अंगठा, बहिणीचं म्हणणं. आपण डॉक्टर नाही, हे तीनदा सांगितलं. काका मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, आणि नवल म्हणजे घाबरलेल्या माणसाचे ते प्रश्न नव्हते. निरोप दोन्ही बाजूंनी अडतो का एकाच? आधी हृदयाचा का घामाचा? पट्टीला कुठल्या महिन्यापासून फरक दिसतो? मयूरीने रेषा काढून महिनेवार दाखवल्या, आणि दोघं अर्धा तास त्यावर डोकं घालून बसली. शेवटी काका म्हणाले, फॉल्ट कुठं हाय ते कळलं की खणायचं कुठं ते तरी कळतं. कुसुमच्या वेळी हे आपल्याला सुचलंच नाही, असंही म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.

फोन ठेवण्याआधी त्यांनी एक अट घातली. खेळात सगळ्यांना सांग, लपवू नकोस, पण एकदाच सांग. पुढच्या रविवारपासून माझ्याशी समुद्राबद्दलच बोलायचं.

त्यानंतर चार रविवार काकांची खुर्ची रिकामी होती. मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली, तपासण्या झाल्या, नाव निश्चित झालं, गोळ्या सुरू झाल्या. त्या चार रविवारी मयूरीने समुद्र जिथल्या तिथे थांबवून धरला आणि बाकीच्यांना गावातच फिरवलं. 'पट'ची सूचना पुन्हा आली तेव्हा तिने 'नाही' दाबलं. मग सगळ्यांना विचारून पट्ट्या काढायला लावल्या. पट्टीशिवाय भयांक मिळत नाही, त्यामुळे 'ओहोटी' 'पट'वरच्या खेळांच्या यादीत पार तळाला गेली, आणि नवीन माणूस यायचं थांबलं. सानिकाने आपल्या नकोयादीत स्वतःहून एक ओळ वाढवली: पट्टी नको.

पाचव्या रविवारी चार वाजता फलटणची चौकट उजळली. काका जरा वाळलेले दिसत होते. परागने काय म्हणता विचारलं, तर म्हणाले, पाणी कुठवर आलंय ते सांगा.

पाणी कुठवर आलं होतं हे मयूरीने सांगितलं. खडकातल्या पायऱ्या आता एकोणीस उघड्या पडल्या होत्या. शेवटच्या पायरीखाली जे पाणी होतं, ते हलत नव्हतं. आणि रघुनाथ दळवीच्या नोंदवहीत आजच्या तारखेसमोर त्याच्याच अक्षरात एक आकडा आधीच लिहिलेला होता. तो खरा आहे का, हे कळायचा एकच मार्ग होता. खाली जाऊन मोजायचं.

इब्राहिमचं पात्र नको म्हणालं. सानिकाने दळवीचा हात धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि फासे तिच्या विरुद्ध पडले. काकांनी चष्मा काढला.

"दळवी जाणार," ते म्हणाले. "आकडा लिहून ठेवलाय म्हणजे मोजायचं न्हाई, असं कुठं हाय? मोजपट्टी घेतो, वही घेतो, आणि उतरतो."

मयूरीने त्यांना एकेक पायरी उतरवलं. घाई केली नाही, आवाज चढवला नाही. अकराव्या पायरीवर वरचा उजेड गेला. पंधराव्या पायरीवर दळवीच्या लक्षात आलं, की पायऱ्या माणसाच्या पायाच्या मापाच्या नाहीत, कुणाच्याच पायाच्या मापाच्या नाहीत, त्या योगायोगाने पायऱ्यांसारख्या झाल्या आहेत. एकोणिसाव्या पायरीवर त्याने मोजपट्टी पाण्यात धरली आणि वाकून आकडा वाचला. वहीतल्या आकड्यापेक्षा तो एका बोटाने वेगळा होता. एकाच बोटाने, पण वेगळा.

मयूरीने इथे खेळ थांबवला, आणि बऱ्याच दिवसांनी तो जुना प्रश्न विचारला.

"किती?"

चार हात वर आले. इब्राहिमची तीन बोटं, सानिकाची चार, परागची अर्थातच पाच. भोईटेकाकांचीही पाच. मयूरी मोजायला लागली, एक, दोन, तीन, मुद्दाम सावकाश. सहाला काकांचा अंगठा हलायला लागला. चौघांनाही तो दिसत होता. कुणी नजर फिरवली नाही आणि कुणी हात खाली घेतला नाही. काकांनीही या वेळी स्वतःच्या अंगठ्याकडे नीट बघितलं, जरा नवलाने, जरा वैतागून.

"अंगठा धरू नकोस त्यातला," ते म्हणाले. "तो हल्ली कशालाही घाबरतो. चार लिही."

मयूरीने चार लिहिले.